सुट्टीसाठी घर ऑनलाइन ठरवताना : वाचकांचे प्रश्न

मे महिन्याच्या सहली ठरायला लागल्या की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रं एकाच विषयाची असतात: व्हिला, होमस्टे, बंगला, अपार्टमेंट ऑनलाइन कसं ठरवायचं आणि पैसे कसे द्यायचे. त्यातले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : अलिबागजवळ नागावला शनिवार-रविवारसाठी व्हिला बघतोय. आम्ही अठरा जण. एका बुकिंग ॲपवर जो व्हिला रात्रीला २४ हजारांना आहे, त्याचेच फोटो इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवर १४ हजारांना दिसले. तो माणूस म्हणतो, ॲपचं कमिशन वाचतं म्हणून स्वस्त. निम्मे पैसे आजच यूपीआयनं पाठवा, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे म्हणतो. द्यावेत का? (एक वाचक, डोंबिवली)

आज देऊ नका. कमिशन वाचलं की भाव उतरतो हे खरं. पण तो फरक दहा-वीस टक्क्यांचा असतो, चाळीसचा नसतो. मे महिन्यातल्या शनिवारी पूल असलेला व्हिला माणशी पावणेआठशेला मिळत असेल, तर आधी शंका घ्यायची.

या फसवणुकीत व्हिला खरा असतो, फोटोही खरे असतात. खोटा असतो तो मधला माणूस. त्यामुळे गूगल मॅपवर व्हिला सापडला म्हणून निर्धास्त होऊ नका. तपासायचं ते एवढंच, की या माणसाचा त्या घराशी काही संबंध आहे का.

पहिलं काम, दोन-तीन फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. अलिबाग-लोणावळ्यात एकच व्हिला चार एजंट देतात, त्यामुळे फोटो अनेक ठिकाणी दिसले म्हणजे लबाडीच असं नाही. पण तोच पूल एका ठिकाणी नागाव, दुसरीकडे कर्जत आणि तिसरीकडे गोवा म्हणून दाखवला असेल, तर तिथेच थांबा. मग मॅपच्या उपग्रह दृश्यात पूलचा आकार आणि छपराचा रंग फोटोशी जुळतो का ते पाहा. मॅपवरच्या फोन नंबरवर मात्र विसंबू नका. तिथला नंबर बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतो, आणि फसवणारे नेमकं तेच करतात.

दुसरं, व्हिडिओ कॉल. आधी काढून ठेवलेली फिल्म चालणार नाही, चालू कॉल हवा. फाटकापासून सुरुवात करायला सांगा, मग पूल, मग स्वयंपाकघर, आणि जाहिरातीतल्या फोटोंत नसलेली एखादी गोष्ट: विजेचा मीटर किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी. ‘आत पाहुणे आहेत’ हे उत्तर खरंही असू शकतं. मग निदान बाहेरून दाखवायला सांगा. एजंट असेल तर मालकाला कॉलवर घ्यायला सांगा. आणखी एक प्रश्न हमखास उपयोगी पडतो: ‘आमचे एक नातेवाईक अलिबागला असतात, संध्याकाळी येऊन घर बघून जातील, चालेल ना?’ खरा मालक वेळ विचारतो. खोटा माणूस त्याच क्षणी दुसऱ्या पार्टीची घाई सुरू करतो.

तिसरं, पैसे. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव येतं. ते मालकाचं किंवा व्यवसायाचं नसून भलत्याच माणसाचं असेल, तर पुढे जाऊ नका. नाव जुळलं तर वीस-पंचवीस टक्के टोकन द्या, उरलेली रक्कम घर डोळ्यांनी बघितल्यावर. टोकनच्या बदल्यात घराचा पूर्ण पत्ता, तारखा, माणसं, एकूण रक्कम आणि रद्द केल्यास किती परत मिळणार, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. टोकन दिल्यावर ‘सिस्टीममध्ये पूर्ण रक्कम भरावी लागते, जादाची लगेच परत येईल’ असा निरोप आला, तर एकही रुपया आणखी पाठवू नका. दुसरा हप्ता काढण्याची ही ठरलेली युक्ती आहे. आणि पैसे परत देतो म्हणून कोणी क्यूआर स्कॅन करायला लावला, तर लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

एवढी तपासणी करायला वेळ नसेल तर २४ हजारांचा ॲपवरचाच व्हिला घ्या. एअरबीएनबीसारखं ॲप तुमचे पैसे होस्टकडे साधारण चेक-इननंतर २४ तासांनी सोडतं. घरच सापडलं नाही तर पैसे अजून मध्येच असतात, आणि वरचे पैसे त्या सुरक्षिततेचे आहेत. म्हणूनच ‘ॲपवर बघा, पण पैसे मला थेट द्या’ म्हणणाऱ्या होस्टला नाही म्हणायचं. पैसे बाहेर दिले की ॲपचं संरक्षण संपतं.

प्रश्न : ‘१६ पाहुणे’ असं लिहिलेला बंगला घेतला. पोचल्यावर तीन बेडरूम, दोन बाथरूम आणि बाकी सगळ्यांना हॉलमध्ये गाद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणीही संपलं. पुढच्या वेळी आधी काय विचारावं? (एक वाचक, सातारा)

‘१६ पाहुणे’ याचा अर्थ सोळा जण झोपू शकतात, सोळा पलंग आहेत असा नाही. लिस्टिंगमध्ये पाहुण्यांच्या आकड्याखाली बेडरूम, पलंग आणि बाथरूम यांचे वेगळे आकडे असतात. ते वाचा. सोळा जण आणि दोन बाथरूम, प्रत्येक आंघोळीला पंधरा मिनिटं धरली तरी शेवटच्याचा नंबर पावणेदोन तासांनी. सहा जणांमागे एक बाथरूम ही आमच्या मते शेवटची मर्यादा.

पाणी का संपलं असेल, तेही बघू. आंघोळ, संडास, भांडी मिळून माणशी ऐंशी ते शंभर लिटर धरा. सोळा जणांना तेराशे ते सोळाशे लिटर लागतात, आणि बऱ्याच बंगल्यांवर हजार लिटरची एकच टाकी असते. ती भरायला पंप लागतो, पंपाला वीज लागते. रात्री वीज गेली, इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालू राहिले, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि सकाळी टाकी कोरडी. त्यात मे महिन्यात विहिरी खाली गेलेल्या असतात.

‘बॅकअप आहे’ या शब्दावर म्हणूनच समाधान मानू नका. घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट वीज ओढतो. तीन एसी आणि पंप चालवायचा तर किमान साडेसात केव्हीएच्या आसपासचा जनरेटर हवा, आणि त्याचं डिझेल कोण भरणार हेही आधी ठरायला हवं.

पैसे भरण्याआधी ॲपच्या चॅटमध्येच हा मजकूर पाठवा:

‘नमस्कार. आम्ही १२ मोठे आणि ४ मुलं, दोन रात्री. पलंग किती, जादा गाद्या किती, त्यांचे वेगळे पैसे आहेत का? बाथरूम किती, कमोड किती? टाकी किती लिटरची, वीज गेल्यावर पंप चालतो का? जनरेटरवर एसी चालतात का? जेवण मिळतं का, थाळीचा दर काय, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं? स्वयंपाकघर वापरलं तर आकार आहे का? डिपॉझिट किती आणि कधी परत? बाहेरच्या स्पीकरला किती वाजेपर्यंत परवानगी? पूलची खोली किती, आणि आमच्या मुक्कामात तो चालू असेल ना?’

उत्तर लिहूनच हवं. फोनवर ‘सगळं होईल, या तुम्ही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण वाद झाला तर ॲप फक्त चॅट बघतं. मालकानं फोन केलाच तर बोलणं संपल्यावर ‘आत्ता ठरल्याप्रमाणे’ म्हणून दोन ओळी चॅटमध्ये टाका.

पूलबद्दल थोडं अधिक, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. खासगी व्हिलात सहसा जीवरक्षक नसतो. साडेचार फूट पाणी आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातं. पूलला कठडा किंवा कुलूप लागणारं दार आहे का, हॉलमधून थेट पूलकडे उघडणारं सरकतं दार आतून वर कडी लावून बंद होतं का, हे विचारा. लहान मुलं असतील आणि दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर ते घर कितीही सुंदर असो, सोडून द्या.

रिव्ह्यू वाचताना ताजे आधी येतील असं लावून घ्या आणि तुम्ही जाणार त्या महिन्यातले शोधा. डिसेंबरमध्ये सुखाचं वाटलेलं घर मे महिन्यात पाण्यावाचून असू शकतं. पाच ताऱ्यांपेक्षा तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू जास्त कामाचे असतात. खरं काय ते त्यातच लिहिलेलं असतं.

प्रश्न : आम्ही दोघंच, वय सत्तरच्या आसपास, माझे गुडघे दुखतात. दिवेआगर ते गुहागर असं सावकाश करायचं आहे. ‘समुद्रापासून ५ मिनिटं’ असं सगळेच लिहितात. घर नेमकं कुठे आहे हे कसं कळावं? (एक वाचक, नाशिक)

एअरबीएनबीवर बुकिंग होईपर्यंत नकाशावर नुसतं वर्तुळ दिसतं, नेमका पत्ता नंतर येतो. म्हणून चॅटमध्ये जवळची खूण विचारा: कुठलं देऊळ, कुठली आळी. पाच मिनिटं चालत की गाडीनं, हेही विचारा.

कोकणातली जुनी घरं आगरात, वाडीत, रस्त्यापासून आत असतात. ‘गाडी अंगणापर्यंत येते का, की पाखाडी उतरावी लागते?’ हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. जांभ्याच्या वीस पायऱ्या सामान घेऊन उतरणं तुमच्या गुडघ्यांना जड जाईल. मग खोली तळमजल्यावर आहे का, कमोड खोलीतच आहे का, आणि मोरीला उंबरठा किती आहे. चांगला यजमान या प्रश्नांना फोटो काढून उत्तर देतो. तसा यजमान भेटला की निम्मं काम झालं.

प्रवासाचं अंतर मोजताना खाडी विसरू नका. मुरुड-जंजिऱ्याकडून दिवेआगरला जाताना आगरदांडा-दिघी, हरिहरेश्वरहून केळशी-आंजर्ल्याकडे बागमांडला-वेश्वी, दापोलीहून गुहागरला दाभोळ-धोपावे, अशा गाडी नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. नकाशा त्या धरून वेळ दाखवतो, पण फेरी रात्रभर चालत नाही. शेवटची फेरी चुकली तर महामार्गाला वळसा घालण्यात काही तास जातात, आणि यजमान जेवण झाकून बसलेले असतात. त्या दिवशीची शेवटची फेरी कितीला, हे सकाळीच यजमानांना फोन करून विचारा.

राज्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरंही बघा. हरिहरेश्वर, वेळणेश्वर आणि गणपतीपुळ्याला एमटीडीसी या राज्य पर्यटन महामंडळाची स्वतःची निवासस्थानंही आहेत.

प्रश्न : ॲपवर रात्रीला ४,५०० दिसतात, शेवटच्या पानावर मात्र रक्कम कितीतरी वाढते. हे कशाचे पैसे? (एक वाचक, ठाणे)

उदाहरण घेऊ. दोन रात्रींचे ९,०००, एकदाच लागणारा सफाईचा आकार १,२००, म्हणजे १०,२००. त्यावर ॲपचं सेवाशुल्क १४ टक्के धरलं तर १,४२८. राहण्यावर ५ टक्के जीएसटी ५१०, सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी २५७. एकूण १२,३९५, रात्रीला जवळजवळ ६,२००. सेवाशुल्क ॲपनुसार बदलतं; काही ठिकाणी ते होस्टकडूनच घेतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८. म्हणजे ७,५०० आणि ७,८०० यांतला फरक तीनशेचा दिसतो, पण बिलात तो तेराशेच्या वर जातो. सफाईचा आकार एकदाच लागत असल्यानं एका रात्रीच्या मुक्कामाला तो महाग पडतो. शोधतानाच ‘सर्व करांसह एकूण रक्कम’ असा पर्याय असेल तर तो चालू करा आणि घरांची तुलना त्याच आकड्यावर करा.

प्रश्न : गोव्यात कळंगुटला फ्लॅट घ्यायचा आहे. तो अधिकृत आहे हे कसं ओळखायचं? (एक वाचक, बेळगाव)

नोंदणी क्रमांक मागा. गोव्यात १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्यांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरं घर बघा. फ्लॅट सोसायटीत असेल तर पाहुण्यांना पूल आणि लिफ्ट वापरू देतात का, हेही विचारा; नोंदणी असूनही वाद तिथेच होतात.

प्रश्न : आईच्या आजारपणामुळे बुकिंग रद्द करायचं आहे. होस्ट म्हणतो, ‘तुम्ही ॲपवरून रद्द करा, मी पैसे बाहेरून परत देतो.’ करू का? (एक वाचक, पुणे)

असं करू नका. तुम्ही रद्द केलं की ॲप त्या घराच्या नियमानुसारच परतावा देतं, आणि होस्टच्या तोंडी शब्दाला ॲप बांधलेलं नाही. होस्टला खरंच पूर्ण पैसे द्यायचे असतील तर ते ॲपमधूनच देण्याची सोय त्याच्याकडे असते. तारीख पुढे ढकलायची असेल तर बुकिंगमध्येच बदलाची विनंती पाठवा. ती त्यानं मंजूर केली की नवी तारीख ॲपवर दिसेल, तेव्हाच ती पक्की.

उलटी वेळही येते. घर दुसऱ्याला जास्त भावानं दिलेलं असतं आणि होस्ट गोड बोलून तुम्हालाच रद्द करायला सांगतो. त्यानं रद्द केलं तर तुम्हाला पूर्ण रक्कम मिळते आणि दंड त्याला बसतो, म्हणून ही खटपट. ‘तुम्हीच रद्द करा’ एवढंच चॅटवर लिहा.

पुढच्या बुकिंगसाठी: एअरबीएनबीवर प्रत्येक घराला रद्द करण्याचा एक नियम लावलेला असतो. ‘फ्लेक्झिबल’मध्ये चेक-इनच्या २४ तास आधीपर्यंत आणि ‘मॉडरेट’मध्ये पाच दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा मिळतो. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर या दोनांतलंच घर घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

प्रश्न : मालक सगळ्यांच्या आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर मागतात. पाठवावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

ओळखपत्र मागणं रास्त आहे, पण पूर्ण आधार क्रमांक देण्याची गरज नाही. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फाइल उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. वाहन परवानाही चालतो. सोबत परदेशी पासपोर्टवर आलेली मुलं-नातवंडं असतील तर त्यांचे पासपोर्ट-व्हिसाचे तपशील द्यावेच लागतात, कारण परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरणं मालकाला बंधनकारक आहे.

प्रश्न : सिंगापूरला पाच रात्री राहायचंय. हॉटेलपेक्षा अपार्टमेंट निम्म्या भावात दिसतंय. घ्यावं का? (एक वाचक, मुंबई)

नको. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्यानं देणं बेकायदा आहे. सरकारी एचडीबी घरांना तर सहा महिन्यांची अट आहे. होस्ट ‘कोणी विचारलं तर मित्र आहे म्हणा’ असं सांगेल, आणि खाली रखवालदारानं अडवलं की तुम्ही बॅगा घेऊन रस्त्यावर. तिथे हॉटेल किंवा परवाना असलेलं सर्व्हिस्ड अपार्टमेंटच घ्या.

न्यूयॉर्क शहरातही सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक आहेत: तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर होस्ट त्याच घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच. पदवीदान समारंभासाठी चौघं जाणार असाल आणि मॅनहॅटनमध्ये अख्खं घर चार रात्रींसाठी मिळतंय असं कोणी म्हणालं, तर ते नियमात बसत नाही.

प्रश्न : केदारनाथ आणि सोमनाथच्या निवासाचं बुकिंग गूगलवर पहिल्या आलेल्या संकेतस्थळावरून करावं का? (एक वाचक, जळगाव)

नाही. पहिल्या ओळी बहुधा जाहिरातींच्या असतात. यात्रेकरूंच्या निवासाची आणि केदारनाथच्या हेलिकॉप्टरची बनावट संकेतस्थळं काढून फसवणूक होते, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आय-फोर-सी या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. सोमनाथ ट्रस्टचं किंवा शिर्डी संस्थानचं अधिकृत संकेतस्थळ उघडून तिथूनच निवासाच्या पानावर जा. देवस्थानाच्या खोलीसाठी कोणी खासगी यूपीआयवर पैसे मागितले तर तो संस्थानचा माणूस नव्हे.

प्रश्न : पैसे गेलेच, किंवा पोचल्यावर घर भलतंच निघालं, तर ताबडतोब काय करायचं? (एक वाचक, सोलापूर)

घर भलतं निघालं आणि बुकिंग ॲपवर असेल, तर सामान उघडण्याआधी दारातच व्हिडिओ काढा: बंद एसी, घाण बाथरूम, कमी खोल्या. आधी होस्टला ॲपच्या चॅटवर लिहा, मग ॲपच्या मदत केंद्रात तक्रार नोंदवा. एअरबीएनबीला अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. दोन रात्री राहून, घरी परतून केलेल्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही, म्हणून पहिल्या तासातच लिहा.

पैसे बनावट माणसाकडे गेले असतील तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक समोर ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. मधल्या खात्यात ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि आपल्या बँकेलाही कळवा. कार्डनं पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. त्या माणसाला ‘पोलिसांत जातो’ असं कळवू नका आणि चॅट पुसू नका. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, ज्यात त्याचा नंबर दिसेल असे.

घर खरं, मालकही खरा, पण डिपॉझिट अडकवून ठेवलं असेल, तर तो सायबर गुन्हा नाही, ग्राहक तक्रार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तेवढ्यानं झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९च्या कायद्यानुसार तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यातच करता येते. घर मालवणला असलं तरी खेटे सोलापुरातच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील लावण्याचीही सक्ती नाही. चॅटमधला डिपॉझिटचा उल्लेख, पैसे दिल्याची नोंद आणि निघताना काढलेला प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, ही तीन कागदपत्रं जोडा.